मजुरी आणि बिऱ्हाड

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या सडकेनें दहा-बारा किलोमीटर गेलें म्हणजे नांदगांव पेठ लागतें. याच जिल्ह्यांत नांदगांव खंडेश्वर म्हणून दुसरें गांव आहे, तें निराळें. येथें जें सांगावयाचें आहे तें पेठेच्या नांदगांवाविषयीं. या गांवाच्या फाट्यावर सकाळीं घटकाभर उभें राहिलें तर माणसांचे दोन उलट ओघ दृष्टीस पडतात. अमरावतीकडून येणाऱ्या मोटारी व दुचाक्या औद्योगिक वसाहतींत शिरत असतात. आणि त्याच वेळीं आसपासच्या खेड्यांतील एखादा तरुण पाठीवर पिशवी टाकून पुण्यामुंबईच्या गाडीसाठीं बडनेऱ्याची वाट धरीत असतो. एकाला नांदगांव पेठ हें मजुरी मिळविण्याचें ठिकाण, तर दुसऱ्याला मजुरीसाठीं सोडून जाण्याचें ठिकाण. हें पाहून आमच्या मनांत जो प्रश्न उभा राहिला तो वरवर पाहतां अगदीं घरगुती आहे. लग्न झालेल्या जोडप्यानें बिऱ्हाड कोठें थाटावें, हें ठरवितें कोण?

याचें ठराविक उत्तर प्रत्येकाच्या तोंडीं आहे. मुलगी परक्याचें धन. तिनें सासरीं जावें आणि तेथेंच नांदावें. इरावतीबाई कर्वे यांनीं भारतांतील आप्तसंबंधांवर १९५३ सालीं जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यांत उत्तर हिंदुस्थान व महाराष्ट्र यांतील भेद स्पष्ट केला आहे. उत्तरेंत मुलगी अनोळखी कुळांत देण्याकडे कल. महाराष्ट्रांत मामाची मुलगी करण्याची चाल पुष्कळ जातींत मान्य. त्यामुळें आपल्याकडे सासर हें बहुधा ओळखीचें आणि फारसें दूर नसलेलें घर असे. परंतु रूढि एवढेंच सांगते कीं, बायकोनें नवऱ्याच्या घरीं जावें. नवऱ्याचें घर कोणत्या गांवीं असावें, तें बापाच्या घराला जोडून असावें कीं वेगळ्या चुलीचें, आणि नवरा परगांवीं गेला तर बायकोनें त्याच्या मागोमाग जावें कीं सासूजवळ रहावें, याविषयीं रूढि मूग गिळून बसते. तेथें बोलते ती मजुरी.

मजुरी बोलते म्हणजे केवळ रोजाचा आंकडा बोलतो, असें मात्र नव्हे. जेथें रोज अधिक तेथें माणूस जाईल, हें सूत्र ऐकावयास सोपें आहे. पण एकटा माणूस आणि जोडपें यांचा हिशेब सारखा नसतो. जोडप्याला तीन गोष्टी पाहाव्या लागतात. त्या ठिकाणीं दोघांपैकीं एकालाच काम मिळतें कीं दोघांनाही. तें काम वर्षांतून किती महिने टिकतें. आणि खोलीचें भाडें व पोटाचा खर्च वजा जातां हातीं काय उरतें. या तीन मापांनीं वऱ्हाडचा गेल्या पावणेदोनशें वर्षांचा इतिहास मोजून पाहिला, तर पुष्कळ घरगुती वाटणाऱ्या गोष्टींचीं मुळें बाजारांत सांपडतात.

आगगाडी येण्यापूर्वीं वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकांठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. तथापि त्यांतील बराच भाग जागच्या जागींच कातला व विणला जाई. सूत कातणें हें मुख्यतः बायकांचें काम. त्याची मजुरी तुटपुंजी होती हें खरें. पण तिच्यांत एक मोठा गुण होता. ती उंबऱ्याच्या आंत मिळे. पाळण्याची दोरी ओढीत, चुलीवर लक्ष ठेवून, शेतीचीं कामें संपल्यावर जो वेळ उरे त्यांत ती कमावतां येई. तिच्यासाठीं बिऱ्हाड हलवावें लागत नसे.

१८५३ सालीं निजामानें वऱ्हाड प्रांत आपल्या कंटिन्जंट फौजेच्या खर्चासाठीं इंग्रजांच्या हवालीं केला. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडील कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचे दिवस आले. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोंचला. ज्या गाड्यांतून कापसाच्या गांठी मुंबईस जात, त्यांतूनच विलायती कापड परत येई. त्या कापडापुढें घरचें सूत टिकलें नाहीं. म्हणजे एकाच रुळावरून शेतकऱ्याला नगद पैसा आला आणि त्याच्या घरांतील स्त्रीची मजुरी निघून गेली. कापूस कच्चा गेला म्हणजे त्याच्याबरोबर पिंजण्याची, कातण्याची व विणण्याची मजुरीही जाते. आणि मजुरी जेथें जाते तेथें आज ना उद्यां माणूसही जातो. पुढील सगळ्या कथेचें बीज आमच्या मतें येथें आहे.

परंतु तें बीज लगेच उगवलें नाहीं, कारण प्रथम उलटाच ओघ सुरू झाला. माणसें वऱ्हाड सोडून जाण्याऐवजीं वऱ्हाडांत येऊं लागलीं. १८६७ च्या गणनेंत या प्रांताची वस्ती सुमारे २२ लाख होती. १८९१ मध्यें ती २९ लाखांच्या घरांत गेली. ही वाढ केवळ पाळण्यांची नव्हती. नव्या लागवडीच्या व नव्या मजुरीच्या ओढीनें शेजारच्या मुलखांतून आलेल्या लोकांचीही तींत भर होती. आणि येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. कपाशीचें पीक असें आहे कीं, त्याच्या मजुरीचा मोठा भाग स्त्रियांच्या हातांतून जातो. निंदण बायकांचें, वेचणी बायकांची. वेचणीची मजुरी वेचलेल्या कापसाच्या वजनावर ठरते. तेव्हां जिचा हात चपळ ती अधिक कमावते. पुढें गांवोगांव जीन उभे राहिले. त्यांतही सरकी वेगळी करण्याच्या यंत्रांपुढें बसणाऱ्या कामगारांत बायकांचाच भरणा मोठा. दिवाळीच्या सुमारास जीन सुरू होत व उन्हाळ्याच्या तोंडाशीं थंडावत. म्हणजे वऱ्हाडांत येणाऱ्या पुरुषाला बायको मागें ठेवून येणें हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. ती बरोबर असली तर एका चुलीवर दोन मजुऱ्या शिजत.

सालदाराची पद्धतही याच हिशेबावर उभी होती. गुढीपाडव्याच्या सुमारास साल ठरे आणि सालदार ज्या गांवीं राहील त्या गांवीं त्याचें बिऱ्हाड जाई. त्याची बायको त्याच मालकाच्या अगर शेजारच्या शेतांत रोजानें लागे. दरवर्षीं पाडव्याला कोणाचें तरी बिऱ्हाड गाडींत चढे व कोणाचें तरी उतरे. बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण विनोदानें वापरतों. या कुटुंबांना ती अक्षरशः लागू होती.

आतां याच्या शेजारीं कोंकणाचें चित्र ठेवून पाहावें. मुंबईस पहिली कापडगिरणी १८५४ सालीं स्थापन झाली आणि पुढील पन्नास वर्षांत रत्नागिरी, सातारा या भागांतील तरुणांचे थवेच्या थवे परळ-लालबागेंत येऊन पडले. गिरणींतील पुरुषाचा पगार गांवच्या रोजापेक्षां पुष्कळ अधिक होता. केवळ रोजाच्या आंकड्यावर जावयाचें तर हीं जोडपीं मुंबईस नांदावयास हवीं होतीं. प्रत्यक्षांत काय झालें? नवरा गिरणगांवांत आणि बायको गांवीं. १९२१ च्या शिरगणतींत मुंबई शहरांत हजार पुरुषांमागें स्त्रिया सुमारे सव्वापांचशें होत्या. रत्नागिरी जिल्ह्यांत मात्र पुरुषांपेक्षां स्त्रियाच अधिक. एकेका खोलींत दहा-बारा गडी पाळीपाळीनें निजत, खाणावळींत जेवत, महिन्याकांठीं मनिऑर्डर करीत आणि शिमग्या-गणपतीला घरीं जात. मुंबईच्या मजुराची घरधनीण गांवीं राहिल्याचें दुःख लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांनीं आपल्या छकडींत गायिलें, आणि तें लाखों घरांना आपलेंच वाटलें.

हा फरक कोंकणी व वऱ्हाडी माणसांच्या स्वभावांतील नव्हे. आमच्या तीन मापांनीं तो तत्काळ उलगडतो. मुंबईची मजुरी मोठी, पण ती एकाची. गिरण्यांतील कामगारांत स्त्रिया १९२०-३० च्या दशकांतही पंचमांशाच्या आसपासच होत्या आणि पुढें त्यांचें प्रमाण घटतच गेलें. खोलीचें भाडें देऊन त्या एका पगारांत दोघांचें व मुलांचें भागेना. उलट बायको गांवीं राहिली तर खाचरांतील भात तिच्या हातानें पिके, सासूसासऱ्यांची सेवा होई आणि घराचा हक्क जागता राही. तिच्या या श्रमाला कोणी मजुरी म्हणत नसे. पण जोडपें तुटण्याचें खरें कारण त्या न मोजलेल्या मजुरींतच होतें. व्हिट्ले यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या मजूर कमिशनचा अहवाल १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानेंही गिरणीकामगाराचें मन गांवाशीं बांधलेलें असतें हें मान्य केलें. आम्हांला एवढेंच पुस्तीदाखल सांगावयाचें आहे कीं, मन गांवाशीं बांधणारी दोरी केवळ मायेची नव्हती. ती बायकोच्या कष्टांनीं वळलेली होती.

नागपूरचें उदाहरण या दोहोंच्या मधलें आहे. जमशेटजी टाटा यांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं तेथें एम्प्रेस मिल सुरू केली, तीच मुळीं कापूस पिकतो तेथें गिरणी असावी या विचारानें. कामगार हे बहुतांशीं आसपासचेच. घर जवळ आणि गिरणीही जवळ; त्यामुळें संसार दुभंगण्याचा प्रसंग मुंबईच्या मानानें कमी. पुढें कामगारांच्या वस्तीकडेही गिरणीनें लक्ष पुरविलें. ही गिरणी आतां इतिहासजमा झाली आहे. पण कारखाना कापसाकडे गेला तर जोडपें कारखान्याकडे ओढलें जात नाहीं, हा तिचा धडा शिल्लक आहे.

मजुरी वर्षांतून किती काळ टिकते, या दुसऱ्या मापाचें महत्त्व वऱ्हाडाला १८९९-१९०० च्या दुष्काळानें शिकविलें. पीक बुडालें तेव्हां वेचणीही बुडाली आणि जीनही बसले. दोघांची मजुरी एकाच पिकावर अवलंबून असली म्हणजे सुकाळांत ती दुप्पट होते, तशी दुष्काळांत एकदमच शून्य होते. सरकारी दुष्काळी कामांवर पुरुष, स्त्री व मूल यांचे दर निरनिराळे ठरविलेले असत. कुटुंबेंच्या कुटुंबें खडी फोडावयास गेलीं. १९०१ च्या गणनेंत प्रांताची वस्ती साडेसत्तावीस लाखांवर उतरलेली दिसते. या उतरलेल्या आंकड्यांत किती मोडलेले संसार असतील याची कल्पनाच करावी.

या धड्याचें उत्तर महाराष्ट्रानें फार उशिरां, परंतु चांगलें दिलें. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून रोजगार हमीची योजना निघाली. १९७२ च्या दुष्काळांत ती राज्यभर पसरली आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. तिच्यांतील दोन गोष्टी आमच्या विषयाशीं निगडित आहेत. काम गांवाच्या आसपास मिळावें ही एक, आणि केलेल्या कामाच्या मापानुसार स्त्री व पुरुष यांना सारखाच दर ही दुसरी. ज्या बाईला मालकाच्या शेतावर पुरुषाहून कमी रोज मिळत होता, तिला सरकारी बांधावर बरोबरीचा दर मिळाला. दोघांची मजुरी, तीही गांवापाशीं! ही मजुरी मोठी नव्हती. पण पुष्कळ जोडप्यांना तिनें गांव सोडण्यापासून थांबविलें, आणि जीं थांबलीं नाहींत त्यांनाही परगांवच्या मुकादमाशीं बोलतांना थोडा ताठ कणा दिला.

दोघांना काम मिळालें म्हणजे संसार सुखाचा झाला, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. ऊसतोडीच्या धंद्यांत कोयता म्हणजे एक मजूर नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. येथें जोडपें दुभंगत नाहीं हें खरें. पण मागें म्हातारीं माणसें राहतात आणि पोरांची शाळा सुटते, किंवा पोरें बरोबर येऊन फडांत वाढतात. जोडीलाच मोल असल्यामुळें पोराचें लग्न लवकर उरकण्याकडे आईबापांचा कल होतो. म्हणजे येथें मजुरीनें केवळ बिऱ्हाडाची जागा ठरविली असें नव्हे, लग्नाची वेळही ठरविली. आमच्याच जिल्ह्याच्या मेळघाटांतून कोरकू जोडपीं कच्च्याबच्च्यांसह कामासाठीं सपाटीवर उतरतात आणि होळीला घराकडे परततात. त्यांचें बिऱ्हाड एका जागीं नसतेंच. तें ऋतूबरोबर डोंगर चढतें व उतरतें.

याच्या अगदीं उलट टोकाची रीत पश्चिम युरोपांत होती. जॉन हाज्नल या विद्वानानें १९६५ सालीं दाखवून दिलें कीं, सेंट पीटर्सबर्गपासून ट्रिएस्टपर्यंत एक रेघ ओढली तर तिच्या पश्चिमेस स्त्रीपुरुषांचीं लग्नें बरींच उशिरां होत आणि पुष्कळांचीं होतच नसत. तेथें लग्न म्हणजे वेगळें घर. तें घर उभें करण्याइतकी मजुरी सांठेपर्यंत तरुणतरुणींना वाट पाहावी लागे. आपल्याकडे लग्नाच्या दिवशीं घर तयार असे, कारण तें बापाचें असे. त्यामुळें कमी मजुरीमुळें तिकडे लग्न लांबणीवर पडे, तर इकडे लग्न वेळेवर होऊन स्वतंत्र संसार लांबणीवर पडे. एकत्र कुटुंबाचा आपण फार गौरव करतों, आणि त्यांत गौरवण्यासारखें आहेही. परंतु वेगळी चूल मांडण्याची ऐपत नाहीं म्हणून एकत्र राहणें आणि प्रेमानें एकत्र राहणें यांतील भेद घरांतील सुनेला पक्का ठाऊक असतो.

ऐपत आणि राहण्याचें ठिकाण यांचा संबंध घरजावयाच्या चालींत तर उघडच दिसतो. ज्या घरीं मुलगा नाहीं व जमीन आहे, तेथें गरिबाचा मुलगा जावई म्हणून येऊन राहतो. मध्यप्रांतांतील गोंडांत लमसेना म्हणून जी रीत नोंदविलेली आहे, तींत मुलीसाठीं द्यावयाचें द्रव्य नसलेला तरुण कांहीं वर्षें सासऱ्याच्या घरीं राहून कष्ट करी आणि त्या कष्टांतून तें फेडी. पुरुषानेंही बायकोच्या घरीं नांदावें अशी पाळी त्याच्यावर येऊं शकते, फक्त मजुरीचें पारडें त्या बाजूला झुकलें पाहिजे. सासरीं जाणें हा सृष्टिनियम असता तर हें घडलें नसतें.

आज वऱ्हाडांत या जुन्या गोष्टीला नवें वळण लागलें आहे. लग्नाच्या बैठकींत मुलीकडील मंडळी मुलाच्या नांवावर शेती किती हें अजून विचारतात. पण त्याच दमांत तो पुण्यास नोकरीला आहे ना, हेंही विचारतात. शेत असावें, पण मुलीला शेतांत जावें लागूं नये! स्वतः कपाशी पिकविणारा बापही आपली मुलगी कपाशी पिकविणाऱ्याला देण्यास कचरतो. पंचविशी-तिशी उलटलेले, निर्व्यसनी, कष्टाळू असे शेतकऱ्यांचे मुलगे कित्येक गांवांतून बिनलग्नाचे बसलेले आहेत. पूर्वीं मजुरीनें लग्न झालेल्या जोडप्याचें ठिकाण ठरे. आतां ठिकाणच अगोदर ठरतें आणि जोडपें मागाहून. यांत मुलींना दोष देण्याची जी प्रथा पडली आहे ती आम्हांस अन्यायाची वाटते. आईनें उन्हातान्हांत वेचलेल्या कापसाचें शेवटीं काय झालें, हें मुलीनें डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. तिचा नकार माणसाला नसून त्या मजुरीला असतो.

आतां पुन्हां नांदगांव पेठेकडे वळूं. गेल्या कांहीं वर्षांत येथील औद्योगिक वसाहतींत कापडाचे व तयार कपड्यांचे कारखाने आले. २७० मेगावॉटच्या पांच संचांचें औष्णिक वीजकेंद्र उभें राहिलें. २०२३ सालीं केंद्र सरकारनें देशांत वस्त्रोद्योगाचीं सात मोठीं उद्यानें जाहीर केलीं; त्यांत अमरावतीचें एक असून तें याच परिसरांत सुमारे १००० एकरांवर व्हावयाचें आहे. त्याची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजीं वर्धा येथील समारंभांत झाली. ज्या मुलखांतून दीड शतकांपूर्वीं कापसाबरोबर कातण्या-विणण्याची मजुरी रुळावरून निघून गेली, तेथें ती परत आणण्याचा हा खटाटोप आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तो कितपत साधेल, हें आम्ही कारखान्यांच्या संख्येवरून मोजणार नाहीं. येथील रोज पुण्याच्या रोजाइतका नसेल; असण्याची गरजही नाहीं. पुण्याच्या खोलीचें भाडें, प्रवास आणि पाळणाघर वजा केलें तर नांदगांव पेठेचा लहान आंकडा हातीं अधिक उरवूं शकतो. प्रश्न उरलेल्या दोन मापांचा आहे. तें काम हंगामी कंत्राटाचें कीं बारमाही? आणि तें जोडप्यांतील एकालाच आहे कीं दोघांना? शिलाईच्या यंत्रावर बसणाऱ्या बाईला पुरुषाइतका दर, रात्रींच्या पाळीला घरीं पोंचविणारें वाहन आणि मूल ठेवावयास जागा मिळाली, तर आसपासच्या खेड्यांतलें घर पुन्हां राहण्याजोगें होईल. शेतकऱ्याच्या मुलालाही मुलगी मिळेल. हें न झालें तर कारखाने उभे राहतील, धूर निघेल, आणि जोडपीं मात्र पूर्वींसारखींच बडनेऱ्याच्या स्टेशनावर दिसतील.

परगांवीं जाण्यांत कांहीं कमीपणा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याला पुण्याची हौस आहे त्यानें खुशाल जावें, आणि त्याच्या बायकोनेंही आपल्या हौशीनें जावें. आमचा आक्षेप आहे तो निवडीचें सोंग घेतलेल्या सक्तीला. एका बाजूस शून्य मजुरी आणि दुसऱ्या बाजूस कशी का होईना मजुरी, यांतून एक पत्करणें याला निवड म्हणत नाहींत. गांवीं राहिलें तरी दोघांचें पोट भरेल आणि शहरीं गेलें तरी भरेल, अशी स्थिति आली म्हणजेच कोठें रहावें हा प्रश्न नवराबायकोंनीं एकमेकांना विचारण्याजोगा होतो. नांदगांव पेठेच्या फाट्यावर उभ्या असलेल्या तरुणाच्या घरीं तो प्रश्न एकदां तरी त्या अर्थानें विचारला जावा, आणि उत्तर देतांना त्याच्या बायकोचा शब्दही मोजला जावा, एवढीच आमची इच्छा आहे.